पोप फ्रान्सिस कैद्यांचे पाय का धूत? ख्रिस्ती नम्रतेची सोपी उकल

२८ मार्च २०१३ रोजी, पोपपदावर निवड होऊन पंधरा दिवस झालेले शहात्तर वर्षांचे फ्रान्सिस रोममधल्या कासाल देल मार्मो या अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात गेले, तिथल्या बारा जणांसमोर एकेक करून गुडघ्यांवर बसले, त्यांच्या पायांवर पाणी ओतले, पाय पुसले आणि त्यांचे चुंबन घेतले. त्या बारांमध्ये दोन मुली होत्या आणि काही जण मुस्लिम होते. अकरा वर्षांनी, २०२४ मध्ये, हेच पोप चाकांच्या खुर्चीत होते. तेव्हा रोमच्या रेबिबिया तुरुंगातल्या बारा स्त्री-कैद्यांना उंच चौथऱ्यावर बसवण्यात आले, म्हणजे खुर्चीतून न उठता त्यांना पायांपर्यंत पोहोचता यावे. फ्रान्सिस यांच्या काळात (२०१३ ते २०२५) ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी अशी छायाचित्रे जवळजवळ दर वर्षी प्रसिद्ध होत आणि ती पाहून ख्रिस्ती नसलेल्या वाचकाला साहजिकच प्रश्न पडतो की हा नेमका प्रकार काय आहे. तो प्रायश्चित्ताचा विधी आहे, की समाजसेवेचा कार्यक्रम, की निव्वळ प्रसिद्धी?

पाण्याचा ओघ कुठून कुठे

आपल्याकडे पाय धुणे ही काही अपरिचित गोष्ट नाही. लग्नात वधूपिता वराचे पाय धुतो, शिष्य गुरूची पाद्यपूजा करतो, आणि गावाकडे बाहेरून आलेल्या पाहुण्याला अंगणातच तांब्याभर पाणी दिले जाते. यातली पहिली दोन उदाहरणे नीट पाहिली तर लक्षात येते की तिथे मान खालून वर जातो. त्या प्रसंगापुरता ज्याचा दर्जा मोठा, त्याचे पाय धुतले जातात. तिसऱ्या उदाहरणात यजमान पाणी देतो, पाय मात्र पाहुणा स्वतःच धुतो. प्राचीन पॅलेस्टाइनमध्ये रीत जवळपास हीच होती. धुळीचे रस्ते, पायांत उघड्या वहाणा, त्यामुळे घरी आलेल्याला पाणी देणे हे आदरातिथ्याचे पहिले पाऊल असे. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात अब्राहाम आपल्या तीन पाहुण्यांना असेच पाणी देऊ करतो. दुसऱ्याचे पाय प्रत्यक्ष हातात घेऊन धुण्याचे काम मात्र दासांचे होते, आणि तेही दासांमधल्या शेवटच्या पायरीवरचे. नंतरच्या काळात संकलित झालेल्या एका यहुदी भाष्यात तर असे म्हटले आहे की यहुदी दासाकडून मालकाने हे काम करून घेऊ नये, इतके ते हलके मानले जाई.

या पार्श्वभूमीवर पोपच्या छायाचित्रात खटकते ते हे की पाण्याचा ओघ उलटा आहे. जगभरच्या कॅथलिकांचा धर्मप्रमुख खाली आहे आणि कैदी वर बसला आहे. हा उलटेपणा चुकून झालेला नाही. सारा अर्थ त्यातच आहे.

त्या रात्री काय घडले

शुभवर्तमान म्हणजे येशूच्या जीवनाचा आणि शिकवणीचा वृत्तान्त. अशी चार शुभवर्तमाने बायबलमध्ये आहेत आणि पाय धुण्याचा प्रसंग त्यांपैकी फक्त योहानाच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात येतो. येशूला ज्या रात्री अटक झाली, त्याच संध्याकाळचे जेवण चालू आहे. तो पानावरून उठतो, अंगावरचे वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो (मराठी बायबलमधला शब्द रुमाल असला तरी आपल्या डोळ्यांसमोर पंचाच यावा), गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊन कमरेच्या त्या कापडाने पुसू लागतो. जेवणाआधी पाहुण्यांचे पाय धुतले जाणे समजण्यासारखे होते. पण जेवण चालू असताना गुरूच उठतो, याचा अर्थ तोवर ते काम करायला कोणीच उठलेले नव्हते, असा तर्क करता येतो.

लूकच्या शुभवर्तमानात पाय धुण्याचा उल्लेख नाही, पण त्याच जेवणाच्या वेळी शिष्यांत वाद चालला होता असे तो सांगतो. वादाचा विषय होता, आपल्यात मोठा कोण. दोन्ही वृत्तान्त शेजारी ठेवून वाचले की ते दृश्य आपल्याही ओळखीचे वाटू लागते: मानपानावरून कुजबुज चाललेली आहे, कोपऱ्यात गंगाळ तसेच पडलेले आहे आणि उठायला कोणी तयार नाही.

पाय धुऊन झाल्यावर येशू पुन्हा जागेवर बसतो आणि म्हणतो की तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे; मग मी तुमचे पाय धुतले आहेत तर तुम्हीही एकमेकांचे पाय धुतले पाहिजेत. पुढे तो एकमेकांवर प्रीती करण्याची नवी आज्ञा देतो. आज्ञेसाठी लॅटिनमध्ये ‘मान्दातुम’ असा शब्द आहे आणि त्यावरूनच या दिवसाचे ‘मॉन्डी थर्सडे’ हे इंग्रजी नाव आले. आपल्याकडे त्याला पवित्र गुरुवार म्हणतात.

वाढपी आणि उष्टी काढणारा

बायबलचा नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यात सेवकासाठी वारंवार येणारा एक शब्द आहे ‘दियाकोनोस’, ज्यावरून चर्चमधल्या ‘डीकन’ या पदाचे नाव पडले. या शब्दाचा एक अगदी घरगुती अर्थ म्हणजे जेवताना वाढणारा माणूस, आपल्या भाषेत वाढपी. मराठी माणसाला हे समजायला पंगतीपेक्षा चांगला दाखला नाही. कार्य ज्याच्या घरचे, तो यजमान स्वतः पातेले घेऊन वाकून वाकून वाढतो, ‘सावकाश होऊ द्या’ म्हणत आग्रह करतो आणि शेवटच्या पंगतीला बसतो. त्याने तो लहान होत नाही, हे पानावर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

पण दाखला इथेच सोडला तर तो अपुरा ठरेल. पंगतीत जिलबी वाढायला, तूप वाढायला पुष्कळ जण पुढे सरसावतात. उष्ट्या पत्रावळी उचलायची वेळ आली की तीच माणसे विडा घेऊन मांडवाबाहेर गप्पा मारत असतात. येशूने त्या रात्री केलेले काम तूप वाढण्याच्या जातीचे नव्हते, उष्टी काढण्याच्या जातीचे होते.

इथे मराठी वाचकाला श्रीकृष्ण आठवेल आणि तो आठवावाच. राजसूय यज्ञात श्रीकृष्णाने ब्राह्मणांचे पाय धुण्याचे काम पत्करले असे महाभारताच्या सभापर्वात आहे, आणि धर्माघरी उष्टी काढणारा देव तर आपल्या संतपरंपरेच्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. मोठ्याने खाली उतरणे ही कल्पना ख्रिस्ती धर्माच्या मक्तेदारीची नाही. ख्रिस्ती परंपरेत तिला मिळालेले वळण असे की त्या उतरण्याचे कौतुक करून न थांबता ‘आता तुम्हीही हेच करा’ अशी आज्ञा अनुयायांना मिळाली, आणि चर्चमध्ये अधिकार कसा वापरला जातो हे तपासण्याचे माप म्हणून ती पुढे उभी राहिली. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेल्या थोर ग्रेगरीने ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ हे बिरुद घेतले आणि पोप आजही ते लावतात. त्या मापाला सगळे पोप उतरले असे मात्र इतिहास म्हणत नाही.

नम्रता म्हणजे स्वतःला कमी लेखणे का?

हा पहिला आणि सर्वांत जुना आक्षेप आहे. ज्या ग्रीक-रोमन जगात हा धर्म पसरला, तिथे नम्रतेला सद्गुण मानण्याची फारशी रीत नव्हती. ‘तापेइनोस’ या शब्दाचा नेहमीचा अर्थ हलका, दीन, लाचार असा होता. सम्राट ऑगस्टसने आपल्या पराक्रमांची आणि दानधर्माची लांबलचक यादी प्रथमपुरुषी एकवचनात लिहून ठेवली आणि त्याच्या समाधीसमोर ती कांस्यपटांवर कोरण्यात आली. तिची एक प्रत आजही अंकारातल्या प्राचीन मंदिराच्या भिंतीवर आहे. त्यात कोणाला आत्मस्तुती दिसली नाही. थोर माणसाने थोरवी सांगावी, हीच तेव्हाची रीत होती.

त्याच साम्राज्यात ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक पौल फिलिप्पै नावाच्या रोमी वसाहतीतल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहितो आणि सांगतो की ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने स्वतःला रिक्त केले, दासाचे स्वरूप घेतले आणि वधस्तंभावरचे मरण पत्करले. हे मरण मुख्यतः दासांसाठी आणि बंडखोरांसाठी राखलेले होते, म्हणजे खाली उतरण्याची ती अगदी तळाची पायरी होती. या ‘स्वतःला रिक्त करण्या’वर ईश्वरशास्त्रात ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. आपल्यापुरते एवढे पुरे की भरलेले भांडेच रिकामे करता येते. योहानही पाय धुण्याचा प्रसंग सुरू करताना आधी आवर्जून सांगतो की पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे आणि आपण देवाकडून आलो आहोत, हे येशूला ठाऊक होते. ते ठाऊक असतानाच तो पानावरून उठला. आपण कोण आहोत याविषयी ज्याच्या मनात गोंधळ नाही, त्याला खाली बसताना काही गमावल्यासारखे वाटत नाही. न्यूनगंड असलेला माणूस वाकतो तेव्हा त्याचे लक्ष स्वतःच्या वाकण्याकडे असते, आणि गर्विष्ठ माणसाचेही तिथेच असते. ख्रिस्ती अर्थाने नम्र माणसाचे लक्ष समोरच्या पायाकडे असते, कारण तो मळलेला आहे आणि धुवायचा आहे.

पेत्राची अडचण

या प्रसंगातला मला सर्वांत खरा वाटणारा माणूस म्हणजे येशूचा शिष्य पेत्र. येशू त्याच्यापाशी येतो तेव्हा तो पाय मागे घेतो. माझे पाय तू कधीही धुवायचे नाहीस, असे ठणकावतो. मी तुला धुतले नाही तर तुझा माझ्याबरोबर वाटा नाही, हे येशूचे उत्तर ऐकून तो लगेच दुसऱ्या टोकाला जातो आणि मग पायच काय, हात आणि डोकेही धू म्हणतो. दोन्ही वेळा त्याला अटी स्वतःच्या हव्या आहेत.

नम्रतेवर बोलताना आपण नेहमी सेवा करणाऱ्याविषयी बोलतो. सेवा करून घेण्यालाही नम्रता लागते, हे विसरतो. आयुष्यभर घर ओढलेली बाई अंथरुणाला खिळली की सुनेच्या हातून स्वच्छता करून घेताना तिला जे वाटते, ते दुखण्याहून अवघड असते. पवित्र गुरुवारी चर्चमध्ये ज्या बारा जणांचे पाय धुतले जातात, ते बहुधा घरूनच पाय घासूनपुसून येतात, आणि मग वेदीसमोरच्या खुर्चीत बसून एक मोजा काढताना तरीही संकोचतात. भेगाळलेली टाच दुसऱ्याला दिसू नये, ही धडपड पेत्राचीच आहे. सेवा करणारा वरचढच राहणार असेल आणि घेणारा कायमचा मिंधा होणार असेल तर आज्ञेतला ‘एकमेकांचे’ हा शब्द निरर्थक होतो.

याचे एक उदाहरण मराठी माणसांच्या इतिहासातच आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील भगिनींच्या मठात राहिल्या. त्या भगिनींनी लंडनमध्ये, ज्यांना समाज ‘पतित’ म्हणे अशा स्त्रियांसाठी चालवलेले काम रमाबाईंनी पाहिले. तिथे एके काळी आश्रयाला आलेल्या स्त्रियाच आता आजाऱ्यांच्या आणि दुबळ्यांच्या सेवेत आयुष्य घालवत होत्या, आणि रमाबाईंना सर्वांत जास्त चकित केले ते यानेच. ख्रिस्ती लोक या स्त्रियांची काळजी का घेतात, असे त्यांनी विचारले तेव्हा एका भगिनीने व्याख्यान न देता शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. त्या गोष्टीत दमलेला येशू भरदुपारी विहिरीवर बसतो आणि समाजाने खालची ठरवलेल्या एका बाईकडे प्यायला पाणी मागतो. म्हणजे इथेही आधी घेणारा तोच आहे.

हा देखावा नाही का?

असू शकतो, आणि अनेकदा झालेलाही आहे. व्हिएन्नात हाब्सबुर्ग सम्राट पवित्र गुरुवारी बारा वृद्ध गरिबांचे पाय दरबारी थाटात धूत असत. इंग्लंडचे राजेही पूर्वी पाय धूत; अठराव्या शतकात ते बंद पडले आणि आता राजा त्या दिवशी वृद्ध नागरिकांना खास पाडलेली नाणी वाटतो. विधीतले पाणी गेले आणि नाणे उरले, यावर वाचकाने हवी ती टिप्पणी करावी. कॅथलिक चर्चमध्येही १९५५ च्या सुधारणेने हा विधी त्या संध्याकाळच्या मिस्सेत, म्हणजे मुख्य उपासनेत आणला खरा, पण बाराही जण पुरुषच असावेत असा नियम २०१६ च्या जानेवारीपर्यंत होता. तुरुंगातल्या दोन मुलींचे पाय धुऊन फ्रान्सिस यांनी तो २०१३ मध्येच ओलांडला होता. नियम मागून बदलला.

तरीही विधी म्हटला की देखावा असा सरसकट निकाल देता येणार नाही. वारीत अनोळखी वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, ते रोजच्या आयुष्यात तसे वागत नसतीलही. पण वर्षातून एकदा शरीराला ती सवय लागते आणि वर्षभर टोचत राहील असे काहीतरी मनात उरते. विधीचा उपयोग एवढाच आहे. तो गुरुवारी होतो. त्याचा कस शुक्रवारपासून लागतो.

नम्रता कोणी कोणाला शिकवायची?

सर्वांत गंभीर आक्षेप हा आहे, आणि तो आपल्या देशात अधिकच गंभीर आहे. ज्यांच्या कितीतरी पिढ्या दुसऱ्यांची घाण उपसण्यात गेल्या, त्यांना नम्रतेचा उपदेश करणे हे क्रूर आहे. सासरी सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या बाईला सेवेचे महत्त्व सांगणेही तसेच. चर्चनेही हे पाप केले आहे. गुलामांना आज्ञाधारकपणाची वचने वाचून दाखवणारे मालक ख्रिस्तीच होते, आणि भारतातल्या ख्रिस्ती समाजात जात शिल्लक आहे हे ख्रिस्ती लोकच सांगतात.

परंतु मूळ प्रसंगात आज्ञा कोणाला आहे, ते पाहावे. मार्कच्या शुभवर्तमानात याकोब आणि योहान हे दोन शिष्य येशूच्या डाव्या-उजव्या हाताच्या जागा मागतात, तेव्हा तो म्हणतो की परराष्ट्रीयांचे अधिपती लोकांवर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसे नसावे, ज्याला मोठे व्हायचे असेल त्याने सेवक व्हावे. हा उपदेश जागा मागणाऱ्यांना आहे. गंगाळ उचलायचे आहे ते गुरूने आणि प्रभूने. जो आधीच जमिनीवर बसलेला आहे, त्याला आणखी खाली सरकायला इथे कोणी सांगितलेले नाही.

शिवाय नम्रता म्हणजे गप्प बसणे नव्हे. त्याच योहानाच्या शुभवर्तमानात, पाय धुतल्यानंतर पाचच अध्यायांनी, चौकशीत एक शिपाई येशूला चपराक मारतो. तेव्हा येशू विचारतो की मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, बरे बोललो असेन तर मला का मारतोस? आणि ज्या फिलिप्पैला पौलाने दासाचे स्वरूप घेण्याविषयी लिहिले, त्याच गावी त्याला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकले होते. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप निघून जायला सांगितले तेव्हा तो अडून बसला: आम्ही रोमी नागरिक आहोत, उघड उघड मारलेत आणि आता चोरून घालवता का, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे. अधिकारी आले. फिलिप्पैच्या मंडळीला नम्रतेचे पत्र लिहिणारा हाच माणूस होता.

सेवेच्या आडून धर्मांतर?

दुष्काळात धान्यासाठी धर्म बदललेल्यांची चर्चा एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांमध्येही होती, त्यामुळे ही शंका केवळ द्वेषातून येते असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदन या शाळेतल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातात, या कारणावरून रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सल्लागार १८९३ मध्ये बाहेर पडले. आपला विश्वास मुलींपासून लपवायला रमाबाई तयार नव्हत्या, आणि पालकांचा विश्वासघात झाला असे टीकाकारांना वाटत होते. हा वाद दोन वाक्यांत मिटणारा नाही.

तत्त्व म्हणून मात्र उत्तर स्पष्ट आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या आपल्या पहिल्या परिपत्रकात लिहिले की प्रेम निर्हेतुक असते, दुसरे काही साधण्यासाठी ते केले जात नाही, आणि म्हणून सेवाकार्य धर्मप्रसाराचे साधन होऊ शकत नाही. २०१६ मध्ये रोमजवळच्या निर्वासित केंद्रात फ्रान्सिस यांनी ज्यांचे पाय धुतले, त्यांत मुस्लिम होते आणि भारतातून आलेला एक हिंदूही होता. विधीनंतर त्यांनी काय मानावे अशी कोणतीही अट नव्हती. मुळातला दाखला तर याहून कठोर आहे. त्या जेवणाला यहूदा इस्कर्योत हा शिष्य हजर होता, तो आपल्याला धरून देणार हे येशूला ठाऊक होते, आणि गंगाळ त्याच्यापर्यंतही गेले. धुतल्यानेही तो बदलला नाही. तरी त्याचे पाय धुवायचे राहिले नाहीत.

पंचा कोण धुतो?

योहान एक गोष्ट सांगत नाही: ते गंगाळ नंतर कोणी ओतले, ओला पंचा कोणी पिळला. पाचशे वर्षांनी इटलीत संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिले, त्यांच्या पस्तिसाव्या प्रकरणात याचे उत्तर आहे. मुदपाकखान्याचे काम सर्वांनी आठवड्याच्या पाळीने करायचे. आजारी असेल किंवा महत्त्वाच्या कामात गुंतलेला असेल त्याचीच सुटका. दुबळ्यांना मदतनीस द्यायचे. पाळी असलेल्यांना जेवणाआधी थोडी जास्तीची भाकर आणि पेय मिळावे, म्हणजे वाढताना कुरकुर होणार नाही, हेही त्यात आहे. नम्रतेच्या बारा पायऱ्या सांगणाऱ्या माणसाला उपाशी माणूस कुरकुरतो हे ठाऊक होते. शनिवारी पाळी संपणाऱ्याने, बंधूंनी हातपाय पुसलेले सगळे पंचे धुवायचे, मग तो आणि पाळी सुरू होणारा अशा दोघांनी मिळून सर्वांचे पाय धुवायचे, आणि भांडी घासून, एकही न फोडता, कोठाराच्या कारभाऱ्याकडे मोजून परत करायची, जो ती पुढच्या आठवड्याच्या माणसाच्या हाती देईल.